बाबा लिनक्स वापरतात

नेरूळ स्टेशनवरच्या तिकिटाच्या मशीनसमोर उभं राहून माझ्या नवऱ्याने आजवर जितकी भाषणं दिलीत, तितकी तिकिटं काही काढली नसतील. "बघ, 'पुढे' आणि 'रद्द' शेजारी-शेजारी, दोन्ही एकाच रंगात! कुणाच्या डोक्यातून निघतं हे?" मागे रांग वाढते, लोक चुकचुकायला लागतात आणि मी पर्समध्ये काहीतरी शोधत असल्याचं सोंग करते.

अभिराम महापेच्या एका कंपनीत कॉम्प्युटर सिस्टीम सांभाळतो. नोकरीपुरता कॉम्प्युटरवाला असता तर माझं काही म्हणणं नव्हतं. पण त्याला मतं आहेत. ब्राउझरचे टॅब वर आडवे नकोत, बाजूला उभे हवेत. चित्राखाली नाव नसेल तर ते बटण नव्हेच. तीन रेघांच्या मागे मेनू लपवणाऱ्याला नोकरीवरून काढावं. मोबाईलला अपडेट आलं आणि एखादं बटण इकडचं तिकडे झालं, की हा सुतकात असल्यासारखा जेवतो. विंडोज म्हणजे भाड्याचं घर आणि लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टीम म्हणजे स्वतःचं, हे वाक्य तर मी झोपेतसुद्धा म्हणून दाखवीन. इंटरनेटवरच्या त्याच्या एका ग्रुपवर तो या सगळ्यावर लांबलचक लिहितो आणि लोक ते आवडीने वाचतात, याचं मला अजून नवल वाटतं. त्याचं सगळ्यात आवडतं मत असं, की वापरणारा कधी चुकत नाही, चूक नेहमी बनवणाऱ्याची असते. हे मला खरंच आवडायचं. त्यात एक माया होती.

माझे सासरे, बाबा, आमच्याच घरात राहतात. कोकण भवनातल्या सरकारी कचेरीत मराठी टायपिस्ट म्हणून लागले आणि हेडक्लार्क होऊन निवृत्त झाले. सासूबाई गेल्यावर त्यांना जगायला एक गोष्ट उरली, ती म्हणजे शब्दकोडं. पनवेलहून निघणाऱ्या एका साप्ताहिकात चौथ्या पानावर त्यांचं कोडं यायचं, खाली बारीक अक्षरात 'कमळाकर, नेरूळ'. दिवसभर ते शब्द जुळवत हिंडायचे. मी भाजी निवडत असले की मध्येच विचारायचे, "गीतांजली, जात्याच्या दांड्याला काय म्हणतात गं?" मी "खुंटा" म्हटलं की खूश. मग हॉलमधल्या जुन्या कॉम्प्युटरवर बसून ते टाईप करायचे. टाईपरायटरवर शिकलेला हात, कॉम्प्युटरवरही अक्षरांची तीच जुनी मांडणी आणि तोच जुना फॉन्ट. खाली न बघता दहाही बोटं चालायची. साधं बोलताना अडखळणारा माणूस, पण तिथे कधी अडखळला नाही.

मे महिन्यात बाबा पुतण्याकडे चिपळूणला गेले, तेव्हा अभिरामने त्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकलं. त्याला वाटलं, वडिलांना सरप्राईज देऊ. विंडोज जुनं झालं होतं, व्हायरस येईल, बँकेचे पैसे जातील, ही त्याची कारणं काही खोटी नव्हती. पण त्याबरोबर त्याने मराठी टाईप करायची मांडणीही बदलली. मी म्हटलं, "अरे, त्यांची जुनी पद्धत राहू दे की."

"जुनी बसवता येते," तो म्हणाला, "पण मुद्दाम नाही बसवली. स्टँडर्ड एकच पाहिजे. जुन्या सवयी कधीतरी मोडायलाच लागतात. आठ दिवसांत सरावतील."

बाबा आले, कॉम्प्युटर बघून "वा, छान, किती स्वच्छ दिसतंय" म्हणाले आणि टाईप करायला बसले. 'क' दाबला तर भलतंच उमटलं. त्यांनी हात उचलला आणि जणू बोटांना काहीतरी झालंय अशा नजरेने बोटांकडे बघितलं. जुनी कोडी उघडली तर सगळीकडे इंग्रजी अक्षरं आणि खुणांचा नुसता काला. "ते कन्व्हर्ट करून देतो," अभिराम म्हणाला. ते राहूनच गेलं.

मग शिकवण्या सुरू झाल्या. रोज संध्याकाळी अभिराम ऑफिसातून आला की बाबा बनियनवर सदरा चढवायचे आणि त्याच्या शेजारी येऊन बसायचे. स्वतःच्या घरात, स्वतःच्या मुलासमोर, सदरा घालून. अभिराम ओरडायचा नाही, हे सांगायला हवं. तो कधीच कुणावर ओरडत नाही. बाबांचं बोट चुकलं की तो फक्त नाकातून श्वास सोडायचा. लांब, हळू. एकदा सोडला की बाबांचं पुढचं बोटही चुकायचं. मी ओट्याशी पोळ्या लाटत ते ऐकत असायची. एकदा मनात आलं, याला विचारावं, की अरे, वापरणारा कधी चुकत नाही ना? मग हे काय चाललंय? पण दिवसभर दमून आलेल्या माणसाला कशाला डिवचा, म्हणून मी लाटणंच जरा जोरात फिरवलं.

त्या आठवड्यात साप्ताहिक आलं. बाबांनी चौथं पान उघडलं. कोड्याच्या जागी करंजाडेच्या फ्लॅटची जाहिरात होती. त्यांनी अंक नीट घडी घालून टीपॉयखाली सरकवला. पुढच्या आठवड्यात पुन्हा जाहिरात. संपादकांचा फोन आला, तेव्हा बाबा बाल्कनीत जाऊन बोलले, पण त्यांना कमी ऐकू येत असल्याने ते स्वतःच मोठ्याने बोलतात, त्यामुळे मला सगळं कळलं. दिवाळी अंकासाठी मोठं कोडं हवं होतं, पूर्ण पानाचं. जमत नसेल तर दुसऱ्या कुणाला सांगू, असं तिकडून म्हणाले असणार. कारण बाबा घाईघाईने म्हणाले, "नाही, नाही, दुसऱ्या कुणाला नको. मी देतो. नक्की देतो."

त्या रात्री ते जेवले नाहीत. पित्त झालंय म्हणाले.

आणि मग कोडं परत यायला लागलं! दर आठवड्याला, चौथ्या पानावर, नावासकट. अभिराम हरखून गेला आणि शिकवण्या थांबल्या. अंकाचा फोटो काढून त्याने ग्रुपवर टाकला आणि वर मथळा दिला, 'बाबा लिनक्स वापरतात'. सत्तरी ओलांडलेला माणूस नवीन सिस्टीम, नवीन मांडणी शिकतो, मग तुमची कारणं काय, वगैरे. लोकांनी टाळ्यांचा पाऊस पाडला. त्याने त्या सगळ्या कॉमेंट्स बाबांना वाचून दाखवल्या. बाबा चष्मा पुसत "हो का? वा" म्हणत राहिले.

त्याच सुमारास बाबा रोज नाश्ता झाला की पिशवी घेऊन फिरायला जायला लागले. फिरायला माणूस सकाळी गार हवेत जातो, हे भर उन्हापावसात जायचे आणि जेवायच्या वेळेला परत यायचे. घरातला कॉम्प्युटर दिवस-दिवस बंद असायचा, त्यावरची धूळ मीच पुसायची. मला काही कळत नव्हतं असं नाही. मी विचारलं नाही. अभिराम खुशीत होता, बाबा जेवत होते, घरात शांतता होती, आणि मला ती शांतता हवी होती.

पासपोर्टच्या कामासाठी आम्हा दोघांच्या कागदांचे प्रिंट हवे होते. घरचा प्रिंटर काही नवीन सिस्टीमशी बोलेना. अभिरामने त्यात अख्खी सकाळ घालवली आणि शेवटी तो प्रिंटर बनवणाऱ्यांवर घसरला. "बाहेरून काढू," मी म्हटलं. शनिवार होता. कोपऱ्यावरचं नेहमीचं दुकान बंद, म्हणून मागच्या सेक्टरमध्ये गेलो. गाळ्यावर पाटी होती, 'सम्यक झेरॉक्स आणि डीटीपी'.

काउंटरपाशी पोचायच्या आधीच मला बाबांचं हसू ऐकू आलं. आधी ओळखू आलं नाही, कारण घरात ते इतक्या मोठ्याने हसत नाहीत. आत दोन कॉम्प्युटर होते. एकावर तिशीतली एक मुलगी लग्नाची पत्रिका जुळवत होती. दुसऱ्यावर पाठमोरे बाबा बसले होते. त्यांची दहाही बोटं चालत होती, भराभर, कुठेही न थांबता, आणि मान मात्र त्या मुलीकडे वळलेली. तोंडाने गप्पा चालू होत्या.

"संघमित्रा, उभे नऊ सांग पाहू. पाच अक्षरी. चुलीवर भाकरी करणारी..."

"काका, थांबा ना, मला ही पत्रिका देऊन टाकू द्या! तुमच्या नादात मी नवऱ्या मुलाचं नाव दोनदा टाकलं काल."

"मग काय झालं? पुसायचं नि परत टाकायचं."

मी अभिरामकडे बघितलं. तो बाबांच्या बोटांकडे बघत होता. लहान मूल जादूगाराकडे बघतं तसा. त्याने बाबांना असं टाईप करताना कितीतरी वर्षं बघितलं असणार, पण नीट कधी बघितलं नव्हतं.

"या, काय काढायचंय?" संघमित्राने विचारलं, आणि बाबा वळले.

त्यांचे हात चटकन कीबोर्डवरून निघून मांडीवर गेले. चेहऱ्यावरचं हसू इतक्या पटकन विझलं की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घाबरले होते ते. आम्हाला बघून घाबरले होते.

"ओळखीचे का काका?" संघमित्राने विचारलं.

"हो... हो," बाबा म्हणाले. "आमच्या बिल्डिंगमधले. वरच्या मजल्यावरचे."

मी तोंड उघडणार होते, पण अभिरामने माझा दंड धरला. "नमस्कार काका," तो म्हणाला.

संघमित्राने पेनड्राईव्ह घेतला, प्रिंट सोडले आणि मोकळेपणाने बोलायला लागली. "बिल्डिंगमधलेच हायत ना तुम्ही, मग जरा लक्ष ठेवत जा काकांवर. एकटेच असतात. मुलगा बेंगळुरूला, मोठा इंजिनियर हाय कॉम्प्युटरचा. घरचा पीसी बंद पडलाय, पण त्याला यायला टाईम नाही. म्हणून इथे येतात बिचारे. आता मी पण त्यांचीच वाट बघते म्हणा. गर्दी झाली की अर्धे अर्ज तेच टाईप करून देतात." मग बाबांकडे वळून, "काका, कधी येणार हो मुलगा?"

"येईल," बाबा खाली बघत म्हणाले. "चांगला आहे तो. कामच फार असतं त्याला."

प्रिंटर कुरकुरत कागद बाहेर टाकत होता. सगळ्यात वरचा अभिरामचा. त्यावर त्याचं पूर्ण नाव, मधे वडिलांचं. संघमित्राने न बघताच कागद पिशवीत घातले. मला वाटलं, बघावं तिने. आणि लगेच वाटलं, नको, नको, बघू नये. पैसे देऊन आम्ही बाहेर आलो. अभिराम माझ्या दोन पावलं पुढे चालत घरापर्यंत आला. मी त्याला दोष देणार होते, मनात सगळी वाक्यं तयार होती, पण प्रत्येक वाक्यात मीही होते. एकाच घरात माझ्या हातचं जेवणारा माणूस बाहेर सांगतो की मी एकटा राहतो. ते ऐकून लाज एकट्या अभिरामला का वाटावी?

बाबा नेहमीच्या वेळेला आले. चप्पल काढली, पिशवी खुंटीला लावली आणि हॉलमध्ये येऊन उभे राहिले. अभिराम कॉम्प्युटरसमोर बसला होता, पण तो चालू केलेला नव्हता. बाबांना बघून तो उठला.

"बाबा, मी जुनं सगळं परत बसवतो. तुमची मांडणी, तुमचा फॉन्ट, सगळं. आत्ता बसवतो."

"नको रे," बाबा म्हणाले. "तुझं चांगलंच आहे ते. मलाच जमलं नाही. आता या वयात डोकं चालत नाही."

"तसं नाहीये, बाबा."

"दिवाळीचं कोडं झालं. आज पाठवलं तिथूनच. पूर्ण पानाचं." इतकं बोलताना त्यांचा चेहरा जरासा उजळला, मग परत उतरला. "मला तिथे बरं वाटतं. जाऊ दे मला तिथे."

"जा ना, बाबा. तुम्हाला कोण अडवतंय?"

"आणि एक ऐकशील? तिच्याकडे परत गेलास तर तू कोण ते सांगू नकोस. पोरगी स्वभावाने चांगली आहे, पण फटकळ आहे. मुलगा घरातच आहे कळलं तर तुला नावं ठेवील. मला ते ऐकवणार नाही."

अभिरामने मान डोलावली. मी स्वयंपाकघराच्या दारात पोळीचं फडकं धरून उभी होते. मला दोघांकडेही बघवेना आणि तिथून हलवेनाही.

बाबा बसले नाहीत. साहेबाच्या टेबलासमोर उभ्या राहिलेल्या क्लार्कच्या आवाजात त्यांनी आपल्या मुलाला विचारलं, "तू रागावला नाहीस ना?"