शाबास म्हणायचं नाही

माझी दोन्ही मुलं माझ्या नणंदेनं जन्माला घातली. म्हणजे कळा मीच सोसल्या, पण समोर उभं राहून ‘लाव जोर!’ म्हणून ओरडायला वन्सं होत्या. चाळीस वर्षं त्यांनी सुईणीचं काम केलं. निवृत्त झाल्या आणि पंधरा दिवसांत एक तांबडी, दोनच माणसांची, जमिनीला पोट घासत चालणारी स्पोर्ट्स कार घेऊन फाटकात हजर झाल्या. गाडीचं वय तीस. आमचे हे, म्हणजे वन्संचे धाकटे भाऊ, त्या गाडीला पहिल्या दिवसापासून ठकी म्हणतात.

दर मंगळवारी आम्ही दोघी ठकीतून फिरायला जातो. छप्पर उघडं, केसांची झालेली दशा सांगायची सोय नाही, आणि वळणावर वन्सं अशा काही गाडी घालतात की मी पोट धरून हसते. आठवडाभर मी त्या मंगळवारची वाट बघते. ह्यांना कधी बोलले नाही. बोलले असते तर हेही यायला निघाले असते, आणि ठकीत जागा दोनच.

तर गेल्या मंगळवारी सिग्नलला ठकीनं मान टाकली. क्लचचा पेडल खाली गेला तो वर आलाच नाही. गिअर पडेना, मागे हॉर्नचा गोंधळ. शेवटी टपालवाल्यानं आणि मी ढकलत घरी आणली. वर्षातली ही तिसरी खेप. ह्यांचं डोकं फिरलं.

“ताई, शनिवारी दुपारी बारा वाजता मी भंगारवाल्याचा ट्रक घेऊन येतो,” हे म्हणाले. “तोवर ही बया आपल्या पायांनी फाटकाबाहेर पडली तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही. नाही पडली तर ट्रकात.”

“चालेल!” वन्संही तावातावानं म्हणाल्या. वन्संचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. आणि आमचे हे घड्याळजी, त्यांचे बारा म्हणजे बाराच. माझे मंगळवार मात्र मला कुणी विचारलेच नाहीत.

क्लचचा नवा सिलिंडर पार्सलनं आला तो शुक्रवारी संध्याकाळी. शनिवारी सकाळी आठ वाजता आम्ही ठकीला जॅकवर उचललं, खाली भक्कम स्टँड लावले, आणि वन्सं जुनी चटई टाकून गाडीखाली सरकल्या. बाहेर राहिले फक्त दोन बूट.

“हा बघ चोर,” आतून आवाज आला. “गिअरबॉक्सला चिकटून बसलाय. आपण वर पेडल दाबला की तेल नळीतून इथे येतं, हा दांडी ढकलतो, क्लच सुटतो. याच्या रबरानं दम सोडलाय. सगळं तेल गळतंय.”

“मग काढा त्याला.”

“दिसत काही नाही गं इथे. पण मला काय त्याचं? न दिसणारं बोटांनी बघण्यात माझा जन्म गेला. बारा नंबरचा पाना दे.”

मी पाना दिला. आधी नळी सुटली, मग एक बोल्ट, मग दुसरा. दुसऱ्यानं अर्धा तास घेतला आणि वन्संच्या तोंडून अशा शिव्या वदवून घेतल्या की शेजारच्यांनी खिडकी लावली. जुना सिलिंडर बाहेर आला तेव्हा वन्संनी सवयीनं विचारलं, “वेळ काय झाली बघ.” मी म्हटलं, “नऊ पन्नास. वजन पण करू का?” गाडीखालून हसण्याचा असा काही भडका उडाला की ठकी हलते की काय वाटलं.

नवा सिलिंडर वीस मिनिटांत बसला. आता उरली होती फक्त हवा काढायची. नळीत हवेचा एक बुडबुडा जरी राहिला तरी पेडल पोकळ लागतो. त्यासाठी दोघं लागतात. मी वर बसून पेडल दाबायचा आणि दाबूनच ठेवायचा. वन्संनी खालून सिलिंडरचं निपल, म्हणजे हवा सोडायची बारीक तोटी, सैल करायचं, हवा-तेल बाटलीत जाऊ द्यायचं, निपल पुन्हा आवळायचं. मगच मी पाय उचलायचा. मध्येच उचलला तर बाहेरची हवा आत.

“लाव जोर!” वन्सं ओरडल्या. मी लावला. “धर... धर... शाबास!”

पुन्हा. “लाव जोर! धर... शाबास!”

तीस वेळा झालं. मी मधूनमधून उतरून बॉनेटखालच्या डबीत तेल ओततेय, वन्सं शाबासक्या देतायत, आणि पेडल आपला पोकळच. अकरा वाजले. सव्वाअकरा झाले. बाटलीत बुडबुड्यांची जत्रा.

“हवा येते कुठून?” वन्सं कावल्या. “सगळं घट्ट आहे. नळी धड आहे. वहिनी, तू पाय उचलत नाहीस ना आधी?”

“छे! तुम्ही सांगितल्याशिवाय कशी उचलेन?”

बोलता बोलता माझ्या लक्षात आलं. वन्सं सांगत कुठे होत्या? मी पाय उचलत होते तो ‘शाबास’ ऐकला की. दोन बाळंतपणं याच बाईच्या हाताखाली काढलेली मी. शाबास म्हणजे कळ सरली, आता अंग सैल सोड, हे माझ्या हाडात भिनलेलं. आणि वन्सं शाबास म्हणत होत्या ते तेल आलं की लगेच, निपल उघडं असतानाच.

मी सांगितलं. मग दोन्ही बूट थडाथडा हलायला लागले. वन्सं हसत होत्या, मी स्टिअरिंगवर डोकं टेकून हसत होते, आणि घड्याळ काही आमच्यासाठी थांबत नव्हतं.

“वन्सं, शाबास म्हणायचं नाही!”

“अगं, चाळीस वर्षांची खोड आहे. तोंडातून निघून जातं.”

“मग तोंडात काहीतरी धरा. निपल आवळलं की पान्यानं दोनदा ठोका. मी ठोक्यावरच पाय उचलेन.”

वन्संनी तेलकट फडकं दातात धरलं. “आव ओर!” खालून आलं. मी दाबला. “उं... उं... आ—” आणि फडकं चावल्याचा आवाज. मग टक, टक. मी पाय उचलला. आठव्या खेपेला पेडल माझ्या तळव्याला भिडला. चांगला घट्ट, जिवंत. मी आनंदानं किंचाळले.

अकरा पन्नासला ठकी चारी चाकांवर उभी राहिली. वन्संनी हात पुसले, दार उघडलं, आत शिरायला वाकल्या आणि तशाच राहिल्या. कंबर धरली होती. पुढे जाता येईना, मागे येता येईना. शेवटी मी त्यांना तशाच वाकलेल्या फाटकाच्या खांबापर्यंत नेलं. खांबाला धरून त्या म्हणाल्या, “तू चालव.”

“मी? मला कुठे येतंय!”

“लायसन्स आहे ना?”

होतं. लग्नाआधी काढलेलं, प्रत्येक वेळी मुदत वाढवलेलं. पण चालवायचा विषय निघाला की हे म्हणत, ‘मी आहे ना’. आणि हे असायचेच.

गल्लीच्या तोंडाशी ट्रक वळताना दिसला. मी बसले. क्लच दाबला, चावी फिरवली, पहिला गिअर. तो लोण्यात सुरी जावी तसा पडला. सकाळपासून त्या पेडलची आणि माझ्या पायाची चांगली गट्टी जमली होती. हळूहळू सोडला आणि ठकी निघाली! फाटकातून बाहेर, ट्रकच्या नाकासमोरून, ह्यांच्या उघड्या तोंडासमोरून. मला ओरडायचं होतं, पण हसूच फुटत राहिलं.

गल्लीच्या टोकाला मी थांबले, तेही न धडकता. मागून हे धावत आले, घामाघूम, चष्मा नाकाच्या शेंड्यावर.

“अगं, कुठे निघालीस? ट्रकवाला फाटकात उभा आहे. त्याला काय सांगू?”

मी दोन्ही बाजूंचा रस्ता पाहिला. मोकळा होता.

“सांगा, गाडी घरी नाही,” मी म्हटलं, आणि क्लच सोडला.