चार लाकडी ठोकळे

एक शिवण, नको तिथे आलेली.

छताच्या कोपऱ्यातलं कोळिष्टक.

मांडी, साडेसतरा इंच.

चार लाकडी ठोकळे, दोन बोटं जाडीचे.

एक मान, जी वर होत नाही.

मित्रांनो, यांचा एकमेकांशी काय संबंध, असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हटलं असतं. मी एक जुनी, पायाने चालणारी शिलाई मशीन आहे. या सगळ्याच्या मुळाशी मीच आहे हे कळलं, तेव्हा माझं चाक जागच्या जागी थांबलं.

कारखान्यात मला ओतलं, घासलं, काळा रंग दिला, अंगावर सोनेरी वेलबुट्टी काढली. तिथून दुकानात आणि दुकानातून मास्तरांच्या घरी. मास्तर शिंपी. तेव्हा त्यांना नुकती मिसरूड फुटली होती. त्याला बत्तीस वर्षं झाली. शाळेचे गणवेश, वकिलांचे काळे कोट, सदरे, परकर, पडदे, सगळं माझ्या सुईखालून गेलं. "काय सुरेख टाका आहे!" असं गिऱ्हाईक म्हणालं की मी फुगून जायची. पुढे तयार कपड्यांची दुकानं निघाली. माझी वेलबुट्टी पुसली गेली, काम कमी झालं. तरी मास्तर रोज सकाळी मला तेल घालायचे आणि मगच चहा प्यायचे.

मास्तरांची लेक परिचारिका आहे. तिला दूरच्या इस्पितळात तीन वर्षांसाठी नोकरी लागली. जाण्याआधी सायकलने समुद्रापर्यंत जायचं, असं तिने ठरवलं. जाऊन-येऊन चार दिवसांचा प्रवास.

"मीपण येतो," मास्तर म्हणाले.

"बाबा, रोज साठ किलोमीटर आहे."

"मग? बत्तीस वर्षं दुसरं काय केलं? पायच मारले ना!"

मला वाटलं, खरंच की! हे पाय मीच घडवले. मी तर सायकलची थोरली बहीण.

लेक हसली नाही. "अडीच महिने आहेत. शेवटी सलग दोन दिवस पन्नास-पन्नास करून दाखवा. पहिल्या दिवशी कुणीही जातं. दुसऱ्या दिवशी सकाळी सीटवर बसता आलं तर या. नाही तर मी एकटी जाते."

पहिल्या रविवारी वीस किलोमीटर. मास्तर परतले ते पाय फाकवून. समोरचा घड्याळवाला डोळ्यावरचं भिंग न काढताच ओरडला, "काय मास्तर, घोडा घेतलात की काय?"

पँटच्या चारही शिवणी जिथे एकत्र येतात, नेमकी तिथली कातडी सोलवटली होती. जन्मभर दुसऱ्यांचे कपडे बेतले आणि स्वतःचीच पँट अशी चावली! मास्तर ती हातात धरून बघतच राहिले. आणि मित्रांनो, ती शिवण मीच घातली होती.

खरा हादरा त्यानंतर बसला. मास्तरांची मान इतकी आखडली होती, की त्यांना समोरच्याच्या तोंडाकडे बघता येईना. कण्हत कण्हत ते माझ्यापाशी बसले, सुईवर वाकले आणि म्हणाले, "हं. इथं बरं वाटतं बघ."

सायकलवर अंग पुढे वाकतं आणि मान वर ठेवावी लागते. माझ्यापाशी सगळंच खाली. बत्तीस वर्षं!

लेकीने टेप घेतली आणि बापाचीच मापं काढली. "मांडी फक्त साडेसतरा. बाबा, मशीनवर घोटे हलतात. मांडीला तिने कामच दिलं नाही."

"तिला काही बोलू नकोस."

"मग ही मान कुणी वाकवली?"

मास्तरांनी माझ्या चाकावर हात ठेवला. मला तर आयुष्यात पहिल्यांदाच लाज वाटली.

"वर बघा. हळू. अजून वर."

मास्तरांनी कसंबसं वर पाहिलं आणि दचकले. "अगं, हे एवढं कोळिष्टक कधी झालं?"

"मी शाळेत होते तेव्हापासून आहे ते!"

दुसऱ्या दिवशी लेकीने माझ्या चारही पायांखाली ठोकळे सारले. काम डोळ्यांजवळ आलं, मास्तरांची पाठ सरळ झाली. एक कॉलर पुरी झाली की उठायचं, छताकडे बघायचं, भिंतीला पाठ लावून अर्धवट बसायचं, मांड्या थरथरेपर्यंत. आठवड्यात तीनदा थोडी सायकल, रविवारी जास्त, सोमवारी आराम. पुढे पुढे कॅरिअरला कापडाचे गठ्ठे बांधून. मास्तरांनी नवी चड्डी बेतली, आतून मऊ गादीची आणि मधली शिवण काढून बाजूला नेलेली. ती शिवताना मी एकही टाका चुकवला नाही.

मग ते दोन दिवस आले. शनिवारी पन्नास झाले. रविवारी पहाटे मास्तर भिंत धरून खोलीत आले. लेक दारात सायकल घेऊन उभी.

"कुठं दुखतंय?"

"सगळीकडे."

"मग राहू द्या बाबा."

"अगं, सगळीकडे सारखंच दुखतंय. कुठलीच एक जागा ओरडत नाही. चल!"

त्यांनी टांग टाकली, तोंड वाकडं केलं आणि सीटवर टेकले. उठले नाहीत. घंटी गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू आली. घड्याळवाला भिंग कपाळावर सरकवून दारात आला आणि मान चोळत कितीतरी वेळ तिकडे बघत उभा राहिला.

पुढच्या आठवड्यात दोघं समुद्राकडे गेली. चार दिवस मी चादरीखाली होते. मला कसलंच वाईट वाटलं नाही.

मित्रांनो, तुम्हीही कशाकशापुढे तासन्‌तास बसत असाल. ती वस्तू चांगली असेल, तुमचा तिच्यावर जीवही असेल. पण तिला तुमची मान दिसत नाही. मला दिसली नाही. म्हणून एवढं सांगते, मधूनमधून उठा. वर बघा.

मला विकत घेतलं त्या दिवशी मास्तरांनी मला सायकलच्या कॅरिअरला बांधून घरी आणलं होतं, एका दमात अठरा किलोमीटर.