काजव्याची पिवळी ओळ

"ही लायब्ररी लवकरच बंद पडेल." माझं सॉफ्टवेअर पॅकेज बिल्ड करताना, म्हणजे कोडमधून चालता प्रोग्राम तयार करताना, दर वेळी स्क्रीनवर ही पिवळी ओळ यायची. लायब्ररी म्हणजे दुसऱ्या कुणी लिहिलेला, आपल्या प्रोग्रामला लागणारा तयार कोड. चूक दाखवणारी लाल ओळ आली तर बघू, म्हणत मी इशारे दिसणंच बंद करून टाकलं. तेव्हा मला दिवस गेले होते. काळजी करायला इतर बरंच काही होतं.

माझं पॅकेज म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवरचा, मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम. नजर गेल्यापासून सासूबाईंचं त्याच्याशिवाय पान हलत नाही. परवा मी उत्साहाने घरचा कॉम्प्युटर लिनक्सच्या नव्या आवृत्तीवर नेला आणि तो मुकाच झाला. पॅकेज नव्याने बिल्ड करायला गेले, तर सगळं लाल.

"काय गं, तुझ्या बोक्याने मौन धरलंय का?" त्या घोगऱ्या आवाजाला सासूबाई बोकाच म्हणतात.

"तो ज्यांच्या जिवावर बोलतो ना आई, त्या लायब्रऱ्या म्हाताऱ्या झाल्यात. नव्या घरात त्यांना जागा नाही."

"म्हाताऱ्यांचं काही बोलू नकोस. आण ती पोर इकडे आणि बस कामाला."

बसले. पण मधूनच उठून मुलीच्या नाकाशी बोट धरून येत होते.

"अगं, घेतेय ती श्वास. आता तू घे!"

पॅकेजला लागणाऱ्या बाकीच्या जुन्या लायब्रऱ्यांच्या जागी नव्या सहज बसल्या. अडली ती एकच, उच्चार ठरवणारी. तिला पर्याय नव्हता, आणि नव्या लिनक्समधून काढून टाकलेलं एक फंक्शन, म्हणजे ठरावीक काम करणारा कोडचा तुकडा, ती अजून मागत होती. कुठे कुठे मागते ते कळावं म्हणून मी इशारे पुन्हा सुरू केले. तीच पिवळी ओळ आली. या वेळी मी तिच्याखालचंही वाचलं.

"मी एकटाच सांभाळतो, आणि आता हात साथ देत नाहीत. कुणी वाचत असाल तर लिहा. – काजवा."

माझी मुलगी जन्मली, रांगायला लागली, तोवर हा माणूस हाक मारत होता.

बदलायच्या जागा दोनच निघाल्या. पुढे काय करावं लागेल, याची टीपही त्याने शेजारी लिहून ठेवली होती. तसं केलं. पॅकेज बिल्ड झालं, बोका बोलला.

"मेला अजून घोगराच!" सासूबाई खूश. मग म्हणाल्या, "त्या काजव्याला कळवलंस?"

"मेल केलाय. उत्तर नाही."

"पोरीच्या नाकाशी दहादा बोट नेतेस, आणि त्याला एकदा लिहून गप्प बसलीस?"

पुन्हा लिहिलं. अजून काही नाही. तो कुठे राहतो, खरं नाव काय, कुणालाच ठाऊक नाही. तुमच्या इमारतीत कुणी असा राहत असेल, दिवसभर कॉम्प्युटरपाशी बसणारा, हात दुखतात म्हणणारा, हल्ली फारसा न दिसणारा, तर आज त्याचं दार वाजवा. तो काजवाच असला पाहिजे असं काही नाही.