एकेचाळीसची सरासरी

सत्कार संध्याकाळी होता आणि सुधींद्रला सकाळपासून काही गोड लागत नव्हतं. तुंगाबाईंनी लेकाचा कोट इस्त्री करून खुर्चीवर टाकला, तेव्हा तो म्हणाला, "अम्मा, आज नको जाऊ या. डोकं दुखतंय."

"शहाणाच आहेस. वासुदेवरावांनी सगळ्या पेटेत सांगून ठेवलंय. मी काय तोंड दाखवू?"

बंगळूरच्या मराठी मंडळींतून कसोटी खेळलेले दोघेच. एक सुधींद्र, बँकेत नोकरीला, तिसऱ्या क्रमांकावरचा फलंदाज. दुसरा बळेपेटेतल्या कापडवाल्यांचा अरविंद, गोलंदाज. ५९ साल उजाडलं तेव्हा दोघेही वेस्ट इंडीजविरुद्ध एका सामन्यात खेळले. पुढे मात्र त्यांना कुणी विचारलं नाही.

गणपती मंडळाचे अध्यक्ष वासुदेवराव म्हणजे निवृत्त गणितमास्तर. माणसाची किंमतसुद्धा दशांश चिन्हापर्यंत काढणारे. त्यांनी गणपतीशेजारी चक्क फळा उभा केला होता. वेस्ट इंडीजविरुद्ध सुधींद्र : एक डाव, ४१ धावा, सरासरी ४१. त्याखाली अरविंद : दोन डाव, दोन धावा, सरासरी १.

"भल्याभल्यांची तिथं भंबेरी उडाली," वासुदेवराव सांगत होते, "आणि आपल्या सुधींद्रची सरासरी एकेचाळीस. संघात सर्वांत जास्त. आता आमचे अरविंदराव बघा. दोन डावांत दोन. काटकसर शिकावी तर यांच्याकडून."

मांडव खदखदून हसला. अरविंदही हसला, पण डाव्या जबड्याला तळहात लावून. त्याला तसंच हसावं लागे. सुधींद्रनं मान खाली घातली. गळ्यातला हार काढून पळून जावं असं त्याला वाटलं.

कारण ती सरासरी कशी झाली ते त्याला ठाऊक होतं. पहिल्या डावात एकेचाळीसवर असताना एक चेंडू त्याच्या कानाला वारा घालून गेला आणि तो घाबरून मागे सरला. पुढच्याच चेंडूवर तो बाद झाला, पण ती भीती काही गेली नाही. दुसऱ्या डावाआधी सराव करताना बोटाला चेंडू निसटता लागला, तेव्हा त्यानं बोट गच्च धरलं आणि बॅट पकडवत नाही म्हणून सांगितलं. बोट मोडलं नव्हतं, धड सुजलंही नव्हतं. पट्टी मात्र मोठी बांधली. धावफलकावर 'जखमी, गैरहजर' असं लागलं, आणि गैरहजर डाव सरासरीत धरत नाहीत. तो खेळला असता तर आकडा नक्की खाली आला असता. तो पळाला म्हणून आकडा राहिला.

आणि त्या संध्याकाळी त्याच्या जागी कोण जाणार म्हणून सगळे एकमेकांकडे बघत असताना अरविंद उठला होता. "मी जातो. अण्णांचं बोट दुखतंय." तिसराच चेंडू जबड्यावर बसला. तो रक्त थुंकला, पुन्हा उभा राहिला आणि दोन धावा काढून बाद झाला.

सुधींद्र बोलायला उठला. आज सांगून टाकायचं, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं.

"मास्तर, तुमचं गणित चुकलंय," तो म्हणाला. "दुसऱ्या डावात अरविंद माझ्या जागी गेला होता. त्या दोन धावा माझ्या एकेचाळीसपेक्षा मोठ्या आहेत."

आता एकच वाक्य राहिलं होतं. माझ्या बोटाला काही झालं नव्हतं. त्यानं समोर पाहिलं. पहिल्याच रांगेत तुंगाबाई पदरानं डोळे टिपत होत्या. त्यानं नजर वळवली, आणि तेवढ्यात टाळ्या सुरू झाल्या.

"याला म्हणतात मनाचा मोठेपणा," वासुदेवराव गहिवरून म्हणाले, आणि त्यांनी फळ्यावर सुधींद्रच्या नावाखाली दोन रेघा ओढल्या. सुधींद्र खाली बसला. त्याला स्वतःची शिसारी आली. खोटं तसंच राहिलं होतं, वर मोठेपणाही पदरात पडला होता.

फराळाच्या वेळी अरविंद त्याला शोधत मांडवामागे आला. त्याच्या हातात कॉफी होती आणि चकली तो तीत बुडवून मऊ करून खात होता. चावणं अजून जमत नव्हतं.

"अण्णा, एवढं कशाला बोललात? मोडक्या बोटानं कोण खेळेल? मी असतो तर मीही बसून राहिलो असतो."

"तू बसला नसतास," सुधींद्र म्हणाला.

अरविंदनं कॉफी खाली ठेवली आणि त्याचा उजवा हात हातात घेतला. मधलं बोट चिमटीत धरून त्यानं विचारलं, "हेच ना?"

सुधींद्र बोटाकडे बघत राहिला. जवळपास कुणी नव्हतं. सांगायचं तर याहून बरी वेळ पुन्हा येणार नव्हती. आणि नेमकं कुठलं बोट, कुठल्या हाताचं, तेच त्याला आठवेना.

"हेच," तो म्हणाला.

"अजून दुखतं?"

"स्वल्प. थंडीत."

अरविंदनं लगेच पकड सैल केली, आणि दुखू नये म्हणून तो हात अगदी जपून सोडला.