धवल्याचे सेशन

शिवतेजने खिडकीवर अडकवलेली जाड गोधडी अर्धी बाजूला सारली आणि हात तसाच वर ठेवून तो उभा राहिला. कोपरखैरणे गावठाणातल्या या तळमजल्याच्या खोलीत ऊन कधी थेट येत नसे. ते आधी समोरच्या चार मजली इमारतीवरल्या स्टीलच्या टाकीवर पडे, तिथून दोन भिंतींमधल्या हातभर फटीत उतरे, कुणाच्या तरी वाळत घातलेल्या पिवळ्या साडीतून गाळून निघे, आणि इथवर पोचेपर्यंत त्यातली ऊब वाटेतच कुठेतरी संपून गेलेली असे. उरलेला फिकट पट्टा भिंतीवरच्या राखाडी फोमवर चढला. मग टेबलाच्या कडेवर, कीबोर्डच्या खाचांतल्या धुळीवर, कालच्या चहावर धरलेल्या सायीवर. त्यात पाहण्यासारखे काही नव्हते. तरी तो पाहत राहिला. माणसांकडे एवढा वेळ पाहणे त्याला जमत नसे.

दहा वाजता सरस्वतीआत्या येणार होत्या. त्या त्याचा भागीदार रूपेश याच्या सख्ख्या आत्या, जासई गावच्या धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात धवले गात एकेक विधी पार पाडायचा, हे काम त्यांनी चाळीस वर्षे केले होते. ती गाणी आज पहिल्यांदा माइकसमोर येणार होती.

त्याने संगणक सुरू केला, ध्वनिमुद्रणाचे नवे सेशन उघडायची चौकट समोर आणली. नाव लिहिले. जागा निवडली. मग सॅम्पल रेटच्या, म्हणजे आवाज सेकंदाला किती हजार वेळा टिपायचा त्या ओळीवर त्याचे बोट थांबले.

अठ्ठेचाळीस.

ही चौकट मागच्या वेळी जे निवडले असेल तेच पुन्हा पुढे करते. चार वर्षांत त्याने चव्वेचाळीस पूर्णांक एकखेरीज दुसरे काही निवडले नव्हते. खोलीच्या किल्ल्या दोन होत्या. एक त्याच्या खिशात होती, दुसरी रूपेशकडे.

त्याने चौकट बंद केली आणि अलीकडे उघडलेल्या सेशनांची यादी काढली. पाच नावे त्याच्या ओळखीची होती, त्यानेच मिक्स केलेल्या गाण्यांची. पण प्रत्येकापुढे एक ‘र’ जोडलेला होता.

पहिले उघडले. आत एकच ट्रॅक, त्याचे पूर्ण झालेले गाणे. त्यावर एकच फेरफार: वरच्या पट्टीतले आवाज खाली ओढलेले. दुसऱ्यात तेच, तिसऱ्यातही. त्याने मनासारखी वर आणलेली झांजेची, टाळांची धार कुणीतरी पद्धतशीर घासून काढली होती. आणि तारखा पाहता गिऱ्हाइकांकडे गेली होती ती हीच गाणी, त्याची नव्हेत.

भागीदारी ठरली तेव्हा रूपेश हसत म्हणाला होता, “खोली माझ्या बापाची, तोंड माझं, कान तुझे. टेन्शन काय?” गेले दोन महिने मात्र तो शिवतेज आला की फोन घेऊन बाहेर जाई. मागच्या आठवड्यात त्याने सहज विचारल्यासारखे विचारले होते, “कानाचं दाखवलंस का कुणाला?” शिवतेजने सर्दी आहे म्हणून सांगितले होते. आता त्या प्रश्नाचाही अर्थ लागला. माणसाला काढायचे असले की आधी त्याच्या तब्येतीची चौकशी सुरू होते. शिवतेजच्या वडिलांनी वाशीच्या बाजारात पोती वाहून घेऊन दिलेली ही यंत्रे. आणि त्यांवर बसून रूपेश त्याच्याशिवाय काम करायला शिकत होता.

दार ढकलले गेले.

“भावा, उघडलंस का दुकान? आत्याला आणलंय बघ, रिक्षावाल्याशी भांडून आलीय.”

“भांडू नको तं काय करू?” आत्या आत येऊन भिंतींचा फोम चाचपू लागल्या. “काय रं ही खोली! हितं लगीन लागलं तं शेजाऱ्याला बी कलनार नाय.”

“तेच तर पाहिजे, आत्या,” रूपेश म्हणाला.

“मंग जेवनावळीचा खर्च वाचला तुजा.”

रूपेश मोठ्याने हसला. शिवतेज हसला नाही. स्क्रीनवर ती यादी त्याने मुद्दाम उघडी ठेवली होती.

“हे तू केलंस?”

रूपेशचे हसू ओसरले. “अठ्ठेचाळीस ना? अरे, व्हिडिओवाले तेच मागतात.”

“रेटचं नाही विचारत. वरचे आवाज का कापलेस?”

रूपेशने आत्याकडे पाहिले, मग जमिनीकडे. “नंतर बोलू.”

“आत्ता का नाही?”

“आत्या जासईवरनं आलीय. तिचं होऊ दे. मग तू म्हणशील ते.”

शिवतेजने नवे सेशन उघडले. रेट बदलून आपला केला, तेव्हा बोट गरजेपेक्षा जोरात दाबले गेले. ट्रॅकला नाव दिले. वेगाच्या रकान्यात एकशेवीस आपोआप आले होते. ते त्याने तसेच राहू दिले आणि ताल मोजून देणारा ठोका बंद केला. हळद लावणारे हात थांबेपर्यंत धवला लांबत जातो, त्याला कुठला वेग लावणार? त्याने माइक आत्यांच्या हनुवटीच्या उंचीवर आणला, हेडफोन चढवले आणि बोटाने खूण केली.

आत्या डोळे मिटून गाऊ लागल्या. आवाज जुना होता, मिठागराच्या वाऱ्यात वाळलेला, तरी कुठे चिरत नव्हता. गाताना त्यांचा उजवा हात समोर नसलेल्या नवरीला हळद लावत होता. शिवतेजच्या खांद्यांतला ताण क्षणभर सैल झाला. हा आवाज तो कुणालाही घासू देणार नव्हता.

मध्येच त्या थांबल्या.

“थांबव रं पोरा. बांगऱ्या वाजतान माज्या. कारून ठेवू का?”

“नाही आत्या, काही येत नाहीये. गा तुम्ही.”

“येत कसा नाय? मना बी आयकू येतं.”

“राहू दे ना आत्या,” रूपेश घाईने म्हणाला. “गा तू. छान चाललंय.”

त्या घाईनेच शिवतेजने मान वळवली. रूपेश काहीतरी झाकत होता. त्याने हेडफोन काढले, सुरुवातीपासून स्पीकरवर लावले आणि आवाज वाढवला. धवला खोलीभर पसरला, स्वच्छ, एकटा.

“ह्यो बघ,” आत्या म्हणाल्या. “आनि ह्यो. आयकलंस?”

संगणकाच्या पडद्यावर आवाजाच्या रेघेत, शब्दांच्या मधल्या शांततेत, बारीक काटे उभे होते. हात फिरला त्या प्रत्येक ठिकाणी एकेक. शिवतेजने ते मोजले नाहीत. त्याने रूपेशकडे पाहिले. रूपेश मान खाली घालून माइकची वायर गुंडाळत होता, तिची अजून गरज होती तरी.

“अरं, असा,” म्हणत आत्या पुढे आल्या आणि त्यांनी हात शिवतेजच्या तोंडासमोर धरून हलवला. मनगटावरच्या हिरव्या बांगड्या उसळल्या, एकमेकींवर आदळल्या, पुन्हा उसळल्या.

त्याला त्या बांगड्यांचा आवाज येत नव्हता.