मूठभर कूट

विमानात दोन गोष्टी करायच्या नाहीत, असं पल्लवीनं आईला निघताना बजावलं होतं. एक, चारचौघांत मला ‘पले’ म्हणून हाक मारायची नाही. आणि दोन, डबा उघडायचा नाही.

पहिली गोष्ट रत्नाबाईंनी सुरुवातीला कशीबशी पाळली. दुसरी त्यांच्या हातून पाळली जाणं अवघडच होतं.

त्या पुण्याजवळच्या माण गावच्या. शेतं गेली, त्यांवर काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, गोठ्याच्या जागी भाड्याच्या आठ खोल्या आल्या. पण शेजारी माणूस बसलेला असताना एकट्यानं घास मोडायचा नाही, ही रीत काही गेली नव्हती. त्यात संक्रांत होऊन चारच दिवस झालेले. पिशवीत गूळपोळ्या होत्या, वर तुपाची बोटं उमटलेल्या.

लेक विमानात नोकरीला लागून पाच वर्षं झाली होती. धाकटे दीर कुशाबा पारावर बसून म्हणायचे, “वहिनी, एवढी शिकवली पोरगी, आन ती विमानात च्या वाटती व्हय?” रत्नाबाई फणकाऱ्यानं उत्तर द्यायच्या, पण मनाच्या एका कोपऱ्यात तो काटा सलत होताच. आज लेकीनं पहिल्यांदा त्यांना आपल्या विमानातून दिल्लीला चालवलं होतं. खिडकीतून मावळतीकडं मुळशीचं पाणी लकाकलं, उन्हात ठेवलेल्या परातीसारखं, आणि रत्नाबाईंना आपण घार झाल्यासारखं वाटलं.

मधल्या खुर्चीवर आरोही नावाची आठेक वर्षांची मुलगी होती, कडेला तिचे वडील जयसिंग. भूगावचे. इमारती बांधायच्या धंद्यातला माणूस.

“म्हंजी आपल्याच शिवारातली की वो तुमी!” असं म्हणेपर्यंत डब्याचं झाकण उघडलंही होतं. “घे बाय. संक्रांतीची हाय, न्हाई म्हनू नये.”

जयसिंगनं मुलीचा हात धरला. “काकू, एक मिनिट. यात शेंगदाणे नाहीत ना? तिला अजिबात चालत नाहीत.”

“छ्या! तीळ, गूळ, खसखस, भाजल्यालं बेसन. बास.”

रत्नाबाई खोटं बोलत नव्हत्या. माणच्या चुलीवर दाण्याचं कूट कुठं नसतं? भाजीत असतं, कोशिंबिरीत असतं, आमटीत असतं. मीठ घातलंय असं कुणी सांगतं का? तसंच कूट. सारण सैल वाटलं म्हणून पहाटे मूठभर टाकलं होतं. हातानं टाकलं, डोक्याला ठाऊकही नव्हतं.

आरोहीनं अर्धी पोळी खाल्ली, बोटं चाटली. थोड्या वेळानं ओठ खाजवू लागली. मग मान. मानेवर गांधी उठल्या, आवाज घोगरा झाला आणि ती ओकली.

“इमान लागलं लेकराला,” रत्नाबाई म्हणाल्या आणि पाण्याची बाटली पुढं केली.

पल्लवीची कामावरची जोडीदारीण पिशवी घेऊन आली. तीही म्हणाली, “एअरसिकनेस असेल.” मागोमाग पल्लवी आली. तिनं मुलीचा चेहरा पाहिला, मान पाहिली.

“हिला कशाची ॲलर्जी आहे?”

“शेंगदाण्याची,” जयसिंग म्हणाला. “पण दाणे नाहीत खाल्ले. मी विचारून घेतलं ना यांना.”

हे ऐकलं आणि रत्नाबाई डब्याकडं पाहू लागल्या. पहाटेची परात डोळ्यांसमोर आली, सैल सारण आलं, स्वतःची मूठ आली. बोललं तर सारं विमान ऐकणार: डबा उघडू नको म्हणून बजावणाऱ्या लेकीची आई. लेकीच्या नोकरीचं काय? पण पोरीच्या छातीतून शीळ घातल्यासारखा आवाज येत होता. गप्प राहिलं तर ती शीळ जन्मभर ऐकू येईल.

“पले!” त्या ओरडल्या. “कूट हाय त्यात. मूठभर कूट हाय गं! म्या सांगायची इसरले.”

पल्लवीनं आईकडं एकदाच पाहिलं. रागावायला तिला सवडच नव्हती.

“दादा, हिचं इंजेक्शन?”

“वर… निळ्या बॅगेत…” जयसिंग उठला. वरच्या कप्प्याचं झाकण त्याला उघडेना. पल्लवीनंच बॅग ओढली, आतून पेनासारखं इंजेक्शन काढलं, त्याच्यावरची तारीख वाचली. बोलता बोलता जोडीदारणीला कामं सांगितली. कॅप्टनला सांग. ऑक्सिजन आण. विमानात कुणी डॉक्टर आहे का, विचार.

“बाथरूमात नेऊ का तिला?” जयसिंगनं विचारलं.

“उभी करायची नाही. पाणी नाही, चालवणं नाही. इथंच बसू दे, पाय वर घ्या.” मग ती माणच्या बोलीत म्हणाली, “आये, गुडघा दाबून धर. वासराला सुई टोचताना धरायचीस, तसा.”

हे काम रत्नाबाईंच्या हातांना ठाऊक होतं. त्यांनी गुडघा असा धरला की मुलगी हलली, मांडी हलली नाही. पल्लवीनं पेन मांडीच्या बाहेरच्या अंगाला, कपड्यावरूनच टेकवून दाबलं. ‘टक’ झालं. तिनं दहापर्यंत आकडे मोजले, मोठ्यानं, दळण मोजावं तितक्या शांतपणे.

विमानात डॉक्टर कुणी नव्हता. कॅप्टननं जमिनीवरच्या डॉक्टरशी बोलून विमान पुण्याकडं वळवलं. पल्लवी घड्याळ पाहत मुलीसमोर गुडघ्यावर बसली. “पाच मिनिटांत उतार पडला नाही, तर दुसरं पेन आहे बॅगेत. पडेल उतार. आरोही, माझ्याकडं बघ. हळू घे श्वास.”

ती पाच मिनिटं कशी काढायची? रत्नाबाईंनी काढली तशी. पोरीच्या पाठीवर हात ठेवून त्या हळूच गुणगुणल्या. ओवी तिथल्या तिथं जुळत गेली.

वाऱ्याच्या गं वाटंवरी, पाखरानं केलं घर,
श्वास घे गं माझे बाई, ऊन आलं पंखावर.

तिसऱ्यांदा म्हणताना शीळ बारीक झाली. पाचव्या वेळी आरोही घोगऱ्या आवाजात म्हणाली, “आजी, पाखराचं नाव काय?”

जयसिंग तोंड फिरवून रडला.

“आता बरं दिसलं तरी हॉस्पिटलात जायचंच,” पल्लवीनं त्याला बजावलं. “हे पुन्हा उसळू शकतं.”

पुण्यात दाराशीच रुग्णवाहिका उभी होती. रत्नाबाईंनी जयसिंगसमोर हात जोडले. “चूक माजी हाय.”

“आहे,” तो म्हणाला. “पण काकू, तुम्ही तोंड उघडलंत. गप्प बसला असतात तर आम्ही अजून विमानच लागलंय म्हणत बसलो असतो.”

सगळे उतरल्यावर पल्लवी आईशेजारी येऊन टेकली. “दोन्ही गोष्टी मोडल्यास.”

“मोडल्या. तुजी नोकरी?”

“काय झालं ते जसंच्या तसं लिहून देणार मी. डबा माझ्या आईचा होता, हेही.” तिनं आईचा हात आपल्या हातात घेतला. रत्नाबाईंनी लेकीची बोटं पदरात गुंडाळून धरली.

दोन दिवसांनी जयसिंगचा फोन आला. आरोही घरी आली होती आणि पाखराचं नाव विचारत होती. रत्नाबाईंनी सांगितलं, “पले म्हनावं.”

कुशाबा पारावर वाट पाहतच होते. “काय वहिनी, दिल्ली न बघताच माघारी?”

“भावजी, च्या वाटनारीनं काय केलं ते आदी ऐका,” असं म्हणून रत्नाबाईंनी सगळं सांगितलं, आपल्या मुठीसकट. काही वगळलं नाही.

संध्याकाळी चौथ्या खोलीतला भाडेकरू वेदांत पाण्याच्या मोटारीचं विचारायला आला. उरलेल्या पोळ्यांचा डबा ओट्यावरच होता. त्यानं सवयीनं हात पुढं केला. रत्नाबाईंनी डबा मागं ओढला.

“थांब. आदी ऐकून घे. कूट, तीळ, गूळ, खसखस, बेसन. मीठबी हाय चिमूटभर. आता बोल, तुला काय चालत न्हाई?”