साठ कात्र्यांची तपासणी

चिटणिसांना आयुष्यात कुणी वशिल्याचा माणूस म्हटलं नव्हतं. ही गोष्ट ते स्वतःच इतक्यांदा सांगत, की दुसऱ्या कुणाला काही म्हणायला वावच उरत नसे. महाविद्यालयात तीस वर्षं अर्थशास्त्र शिकवून ते निवृत्त झाले आणि स्थानिक माल प्रसार समितीचे चिटणीस झाले. समितीचं काम सोपं होतं. वर्षातून एकदा प्रदर्शन भरवायचं, आणि ज्या वस्तूत पाऊण हिस्सा माल इथला असेल तिच्यावर ‘इथेच घडलं’ असा शिक्का मारायचा. शिक्क्याची शाई बाहेरून यायची, पण शाई कुणी विकायला मांडत नव्हतं.

गेल्या वर्षी घोटाळा झाला. शिक्का मारलेल्या एका छत्रीच्या आत, पार टोकाशी, सातासमुद्रापलीकडच्या कारखान्याचं नाव निघालं. वर्तमानपत्रानं छत्री उघडीच ठेवून फोटो छापला. समितीचे अध्यक्ष साबण बनवत. त्यांना स्वच्छतेची जरा जास्तच काळजी. ते म्हणाले, “चिटणीस, यंदा वरवर बघून चालायचं नाही. उघडून बघा.”

चिटणिसांनी नियम लिहिला. प्रत्येक अर्जदाराच्या मालातला एक नग घ्यायचा, तो सुटा करायचा, इथले भाग एकीकडे, बाहेरचे दुसरीकडे, आणि दोन्हींचं वजन करायचं. खाली झोकात सही ठोकली. मग अर्जांचा गठ्ठा पुढे ओढला, तर त्यात दादाचा अर्ज.

दादा म्हणजे त्यांचा सख्खा थोरला भाऊ. मागच्या गल्लीत वडिलांच्याच भट्टीवर तो शिंप्यांच्या कात्र्या करायचा. लहानपणी दोघांपैकी एकाला शाळा सोडावी लागणार होती. दादानं घण उचलला आणि धाकट्याच्या हाती पुस्तक राहिलं. प्रदर्शन म्हटलं की दादा इतकी वर्षं नाक मुरडत आला होता. यंदा तो आला, कारण गणवेश शिवणाऱ्या कारखान्याला तीनशे कात्र्या हव्या होत्या, पुढेही दरवर्षी तेवढ्याच, आणि त्यांच्या खरेदीसाहेबांना शिक्क्याचाच माल हवा होता. दादाकडे दोनच कारागीर उरले होते. हे काम मिळालं तर ते राहणार होते. नाहीतर भट्टी थंड.

दादा खोकं घेऊन आला.

“साठ आहेत. हवी ती घे, कापडाचे आठ पदर घालून कापून बघ. पण स्क्रू काढून उघडू नका.”

“का?”

“कात्री उघडायची नसते.”

“हे काय कारण झालं, दादा?”

“मग काय, प्रबंध लिहून देऊ? उघडायचीच असली तर मी समोर बसतो, माझ्या हातानं उघडून दाखवतो.”

“अर्जदाराला तपासणीच्या खोलीत येता येत नाही.”

“कुणी केला हा नियम?”

“मी.”

“तरीच,” दादा म्हणाला आणि खोकं टेबलावर ठेवून गेला.

ते ‘उघडू नका’ चिटणिसांच्या मनात कुसळासारखं रुतून बसलं. बाजारात बाहेरचे स्क्रू कवडीमोलानं मिळत होते. दादा थकला होता, त्याचे डोळे अधू झाले होते. मोह कुणाला होत नाही? दोन दिवसांनी त्यांनी वहिनींकडे सहज म्हणून विषय काढला.

“भाऊजी,” वहिनी म्हणाल्या, “स्क्रूसुद्धा ते स्वतः घडवतात. चार-चारदा नीट करतात. मी एकदा नीट करा म्हटलेलं घराचं दार अजून तसंच लटकतंय.”

यानं शंका फिटायला हरकत नव्हती. पण वहिनी या अर्जदाराच्या पत्नी. त्यांची साक्ष धरता येत नव्हती.

तपासणी दुपारी शाळेच्या प्रयोगशाळेत झाली. रसायनशास्त्राच्या बाई काटा घेऊन बसल्या होत्या. प्रत्येकाचा एकेक नग सुटा होत होता. दादाचं खोकं आलं तेव्हा चिटणीस म्हणाले, “यातल्या सगळ्या.”

“साठच्या साठ? सर, नियम एका नगाचा आहे.”

“तो माझा भाऊ आहे. उद्या कुणी बोट दाखवायला नको.”

बाईंनी चष्मा पुसला आणि काटा शून्यावर आणला. चिटणिसांनी स्वतः स्क्रू-ड्रायव्हर घेतला. उजवी पाती एका ट्रेमध्ये, डावी दुसऱ्या, स्क्रू वाडग्यात. इतकी शिस्तशीर मांडणी त्या टेबलानं कधी पाहिली नसेल. वजन झालं. शंभरात अठ्ठ्याण्णव भाग इथले, स्क्रूही इथलेच. उरलेले दोन भाग म्हणजे मुठींचा काळा रंग.

चिटणिसांच्या छातीवरचा दगड उतरला. भावावर संशय घेतल्याची लाज वाटली, आणि ती झाकायला त्यांनी सगळ्या कात्र्या स्वतःच परत जोडल्या. या ट्रेमधलं एक पातं, त्या ट्रेमधलं एक, वर स्क्रू. फडक्यानं पुसून प्रत्येकीला बांधलेल्या कागदी पट्टीवर शिक्का मारला. लहानपणी दादाच्या शेजारी बसून भाता ओढताना वाटायचं तसं काहीतरी त्यांना वाटलं. फार छान दुपार गेली.

प्रदर्शनाच्या दिवशी अकरा वाजता खरेदीसाहेब आले. चिटणीसच त्यांना दादाच्या टेबलाशी घेऊन गेले. मागोमाग अध्यक्ष, आणि अध्यक्षांच्या मागे छत्रीचा फोटो छापणारा वर्तमानपत्रवाला. दादानं इस्त्रीचा सदरा घातला होता. शिक्के मारलेला माल समितीनं नुकताच टेबलांवर मांडला होता.

साहेबांनी बरोबर कापड आणलं होतं. त्यांनी एक कात्री उचलली, कापड घातलं, मूठ दाबली. कापड कापलं गेलं नाही. दोन पात्यांच्या मधे घडी होऊन बसलं. दुसरी कात्री अर्ध्यापर्यंत चालली आणि मग चावायला लागली. तिसरीचं तोंड मिटेचना.

दादानं ती तिसरी घेतली. कानाशी धरून उघडली, मिटून पाहिली. मग अंगठा स्क्रूवरून फिरवला. खाचेत नवा ओरखडा होता.

“कुणी उघडल्या?” त्यानं हळूच विचारलं.

“तपासणीत,” चिटणीस तितक्याच हळू म्हणाले. “पण मीच परत लावल्या. नीट लावल्या.”

“किती?”

“सगळ्या.”

दादानं डोळे मिटले. आणि तेव्हा, तीस वर्षं विद्यार्थ्यांना उत्पादन शिकवलेल्या माणसाला प्रथम कळलं की आपल्या घरात काय बनत होतं. दादा एक पातं करायचा आणि दुसरं त्या पहिल्याकडे बघत घासायचा. त्याचा बाक याच्या बाकाला, याची धार त्याच्या धारेला. प्रत्येक पात्याला साऱ्या जगात एकच जोडीदार. खुणा त्यानं कधी केल्या नव्हत्या, कारण त्या उघडायच्याच नव्हत्या. आता एकशेवीस पाती होती आणि सगळी परक्याच्या गळ्यात बांधलेली.

“काय झालं?” साहेबांनी विचारलं. भला माणूस होता. खरंच विचारत होता.

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. हा दोष समितीचा आहे, यांना आठ दिवस द्या. चिटणिसांनी तोंड उघडलं. अध्यक्षांनी घसा खाकरला. वर्तमानपत्रवाल्यानं पेनचं टोपण काढलं. छत्रीचा फोटो चिटणिसांच्या डोळ्यांपुढून सरकला आणि त्यांनी तोंड मिटलं.

दादा त्यांच्याकडे बघत होता. थोडा वेळ गेल्यावर तो साहेबांना म्हणाला, “आज माल बरोबर नाही, साहेब.”

“वस्तू दिसायला देखणी आहे हो,” साहेब म्हणाले. “पण माझ्याकडे कापड रोज कापायचं असतं.” आणि ते पुढे गेले. पुढे साबण होता.

कारखान्यानं कात्र्या बाहेरून मागवल्या. दोघं कारागीर महिन्याभरात गेले. त्यानंतर भट्टी पेटली नाही. त्या परदेशी कात्र्यांना धार लावायला आता दर मंगळवारी दादाच जातो, आणि उरलेल्या घरी आणतो. समितीचा अहवाल चिटणिसांनी लिहिला. त्यात सहभागी उद्योगांची संख्या वाढल्याचं म्हटलं आहे, ते खरंच आहे.

चार महिन्यांनी धीर करून ते दादाकडे गेले. तो दारातल्या उजेडात धारेचा फिरता दगड घेऊन बसला होता.

“दादा, त्या दिवशी मी बोलायला हवं होतं.”

“बस,” दादा म्हणाला. हातातली कात्री त्यानं पुढे केली. “बघ ही. कुठलंही पातं कुठल्याही पात्याला बसतं. तुमच्या समितीला सोयीची.”

“मी मनापासून सांगतोय.”

“ते कळलं मला.” दादानं कात्री परत घेतली. “मी थांबलो होतो जरा. तू बोलशील म्हणून.”

त्यात राग नव्हता. चुकलेल्या बसची वेळ सांगावी तसं त्यानं सांगितलं. चिटणीस पायरीवर बसून राहिले. दादानं दगडाला गती दिली आणि पातं टेकवलं. त्या आवाजात बोलता येत नाही.